भारतातल्या लोककथा जमवताना: मूळ कोणती, क्रूर भागाचं काय, सांगणारे कुठे भेटतात

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. शाळेतल्या मुलांसाठी भारतभरच्या लोककथा आणि दंतकथा जमवताय, त्यासाठी राज्यागणिक एक अशी यादी केलीत आणि आता एकाच कथेची चार-चार रूपं सापडताहेत, तर मूळ कोणतं मानायचं? काही कथांमधला क्रूर भाग गाळायचा का? आणि पुस्तकांत नसलेल्या गोष्टी मिळवायच्या कशा? आयुष्याचा मोठा भाग मी गोष्टी ऐकण्यात, उतरवून घेण्यात आणि सांगण्यात घालवला आहे. त्या बळावर जमेल तेवढं सविस्तर लिहितो.

सुरुवात यादीपासून करू, कारण बाकीचा घोळ तिथूनच सुरू होतो. आजच्या राज्यांच्या सीमा बऱ्याचशा १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत आखल्या गेल्या. महाराष्ट्र आणि गुजरात १९६० चे, तेलंगण तर २०१४ चं. गोष्टी त्याच्या कितीतरी आधीपासून मेंढरांच्या कळपांबरोबर, बैलांच्या तांड्यांबरोबर, सासरी निघालेल्या मुलींबरोबर हिंडत होत्या. शिवाय २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून जास्त लोक बोलतात अशा भाषाच १२१ भरल्या. महाराष्ट्राची म्हणून एकच गोष्ट निवडायची तर श्रावणातली कहाणी घ्याल, धनगरांच्या ओवीतला बिरोबा घ्याल की वारल्यांची धान्यदेवी कणसरी? कोणतीही घेतलीत तरी बाकीचे समाज बाहेरच राहतात, आणि नेमकं तेच तुम्हाला नको आहे.

खंडोबाचंच घ्या. जागरणात वाघ्या-मुरळी रंगवून सांगतात ती कथा अशी. म्हाळसेबरोबर सारीपाट खेळताना देव हरतो आणि पणाप्रमाणे बारा वर्षं घर सोडतो. चंदनपुरीला येऊन धनगराच्या घरी चाकरीला राहतो. एक दिवस सगळी मेंढरं मारून टाकतो आणि बाणाईशी लग्न लावून देणार असाल तरच जिवंत करतो म्हणतो. मग बाणाईला घेऊन जेजुरीला येतो आणि दोन सवतींचं कडाक्याचं भांडण जुंपतं. म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. एकीचं सोवळंओवळं, दुसरीचं रानातलं जिणं, दोघींचे टोमणे ऐकताना समोर बसलेल्यांत दोन्हीकडची माणसं असतात. जेजुरीला गड चढताना अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागतं आणि म्हाळसा वर देवाजवळ असते. कथेतला तंटा तिथे पायऱ्यांवरच मांडून ठेवलेला दिसतो.

हाच देव तेलंगणात कोमुरवेल्लीला मल्लन्ना म्हणून भेटतो. तिथेही त्याला बायका दोनच: मेडलम्मा बलिज समाजातली आणि केतम्मा गोल्ला, म्हणजे पशुपालकांतली. ओग्गू कथा सांगणारे ती ढोलांच्या गजरात उभ्याने सांगतात. कर्नाटकात तो मैलार होतो. आता ही गोष्ट कोणत्या राज्याच्या रकान्यात घालणार? मी तिची नोंद दख्खनच्या मेंढपाळांची कथा अशी करेन आणि खाली तिन्ही ठिकाणं लिहीन. तुमची सगळी यादीच अशी वाटांवरून लावता येईल. मेंढपाळांची वाट, समुद्रावरच्या व्यापाऱ्यांची वाट, जंगलात मधाला जाणाऱ्यांची वाट.

समुद्राच्या वाटेवर ओडिशाची तापोई भेटेल. सात भाऊ जहाजं घेऊन व्यापाराला गेले, आणि घरी भावजयांनी धाकट्या लाडक्या नणंदेला शेळ्या राखायला लावलं. खायला काय, तर तांदळाच्या कण्या. एक दिवस तिची घरमणी नावाची शेळी हरवते. मग ती मंगळा देवीला आळवते, शेळी सापडते आणि पुढे भाऊही परततात. भाद्रपदाच्या रविवारी तिथल्या कुमारिका खुदुरुकुणी ओषा हे व्रत करतात आणि ही कथा म्हणतात. आपल्या भोंडल्याच्या गाण्यांत जाच सासरचा असतो. तापोईला तो माहेरातच भोगावा लागतो, कारण जिथले पुरुष महिनोन्‌महिने समुद्रावर असत तिथे घरात मागे राहिलेल्या मुलीची भीती वेगळी होती. दोन्ही गोष्टी लागोपाठ सांगून बघा. हा फरक समजावून सांगावा लागत नाही, मुली स्वतःच बोलायला लागतात.

आता मूळ रूपाचा प्रश्न. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट आपल्याला आपलीच वाटते. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ आडवा येतो, ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, मग मला खा’ म्हणून ती सुटते आणि परतताना भोपळ्यात बसून ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी १९१० च्या सुमारास छापलेल्या रूपात हीच म्हातारी कुबडी आहे, नातीकडे जाते आणि दुधीच्या पोकळ भोपळ्यातून ‘लाउ गड-गड’ करत परतते. पण तिथे शेवटी कोल्हा तिला ओळखतो. तेव्हा ती गाणं म्हणायचं निमित्त काढून आपल्या कुत्र्यांना नावानं हाका मारते आणि ते कोल्ह्याचा फडशा पाडतात. इराणमध्येही गडगडत्या भोपळ्यातली म्हातारी आहे. तिला लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात. यातलं पहिलं कोणतं, हे कोणी सांगू शकत नाही, आणि सांगता आलं असतं तरी तुमच्या कामाला त्याचा फार उपयोग नव्हता. उपयोग याचा आहे की मराठी म्हातारी भोपळ्याच्या आणि तोंडाच्या जोरावर सुटते, तर बंगाली म्हातारीला घरी पाळलेली कुत्री वाचवतात.

एवढं कशाला, आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या कथासंग्रहाचंही मूळ हाती नाही. गुणाढ्याची बृहत्कथा प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबाराशी जोडलेली. आख्यायिका अशी की पैज हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडल्या, विंध्याच्या रानात जाऊन पैशाची नावाची भाषा शिकला आणि स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांची कथा लिहिली. राजाने ती झिडकारली. तेव्हा गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचून झालेलं पान जाळू लागला. प्राणी चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. ते वाळले, त्यांचं मांस खाऊन राजा आजारी पडला, तेव्हा कुठे कारण शोधत तो रानात आला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेल्या एक लाखाचंही पैशाची रूप आज नाही. आहेत ती पुढची संस्कृत रूपं, त्यातलं सोमदेवाचं कथासरित्सागर अकराव्या शतकात काश्मीरमध्ये झालं. पैठणची कथा आपण काश्मीरच्या वळणाने वाचतो, आणि त्यामुळे तिची गोडी काही कमी होत नाही.

तेव्हा ‘मूळ रूप’ हा रकाना काढून टाका. त्या जागी ‘कोणी, कोणाला, कधी सांगितली’ असा रकाना करा. म्हणजे सगळी रूपं सारख्याच मोलाची असं मात्र नाही. सांगणाऱ्या माणसाचा ठाव लागतो त्या रूपाला मी नेहमी वरचं स्थान देतो. १८६८ साली मेरी फ्रिअरने दख्खनच्या गोष्टींचा जो इंग्रजी संग्रह काढला, तो अ‍ॅना लिबेराता डिसूझा या आयाने सांगितलेल्या गोष्टींचा होता, आणि अ‍ॅनाची स्वतःची जीवनकहाणी त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच दिली आहे. गोष्टी तिला तिच्या आजीकडून आलेल्या. राज्यपालाच्या मुलीने लिहिलेलं पुस्तक म्हणून त्यात त्या काळाची नजर आहेच, पण सांगणारी पुसली गेलेली नाही. राजस्थानात बोरुंद्याच्या विजयदान देथांनी लोकांकडून ऐकलेल्या गोष्टी ‘बातां री फुलवारी’च्या खंडांत लिहिल्या. त्यांत देथांची स्वतःची लेखणी मोठी आहे, म्हणून तिथली गोष्ट घेताना ‘देथांनी लिहिलेली’ असंच नोंदवायचं. आणि शेवटी ‘तात्पर्य’ चिकटवलेली, सांगणारा कोण ते न सांगणारी रूपं सगळ्यात खाली ठेवा. आजीच्या तोंडच्या गोष्टीला तात्पर्य नसतं. ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ एवढं म्हटलं की ती संपते. बंगालीत गोष्ट संपली की ‘आमार कथाटि फुरोलो, नटे गाछटि मुडोलो’ म्हणतात: माझी गोष्ट सरली, माठाचं रोप खुडलं गेलं. मग रोपाला विचारायचं का रे खुडलास, ते गाईवर ढकलतं, गाय गुराख्यावर, आणि असं करत करत शेवटी मुंगीपर्यंत. ओडियातही अगदी अशीच साखळी आहे, फक्त तिथे फुलझाड मरतं. संपादित पुस्तकांतून पहिली कात्री नेमकी या ओळींना लागते. तुम्ही त्या ठेवा, मुलांना त्या गोष्टीइतक्याच आवडतात.

सांगण्याची वेळ हीसुद्धा गोष्टीचाच भाग आहे. खुलभर दुधाची कहाणी श्रावणी सोमवारी. उत्तरेत दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो असं मुलांना बजावतात, त्यामुळे गोष्ट रात्रीचीच. राजस्थानात पाबूजी या लोकदेवतेची फड रात्री लागते. सुमारे पंधरा फूट लांब रंगवलेलं कापड दोन काठ्यांना ताणून उभं करतात. भोपा, म्हणजे गाणारा पुजारी, रावणहत्था हे तंतुवाद्य वाजवत गातो, आणि त्याची बायको भोपी हातात दिवा घेऊन ज्या प्रसंगाचं गाणं चालू असेल तेवढाच तुकडा उजळते. बाकी कापड अंधारात. चित्रं कथेच्या क्रमाने नसतात. मधोमध पाबूजींचा कोळू गावचा दरबार आणि जो प्रसंग जिथे घडला त्या गावाच्या जागी त्याचं चित्र, म्हणजे आख्खा मुलूखच कापडावर मांडलेला. पाबूजींनी देवल चारणीकडून केसर काळमी घोडी घेताना तिच्या गाई राखायचा शब्द दिलेला असतो. अमरकोटला त्यांच्या लग्नाचे फेरे चालू असतानाच जिंदराव खींची त्या गाई पळवतो. पाबूजी फेरे अर्धवट सोडून निघतात आणि त्या लढाईत मारले जातात. ते अमरकोट आज पाकिस्तानात, सिंधमध्ये आहे. रेबारी लोक उंट आजारी पडला की फडीचा नवस बोलतात, कारण मारवाडात उंट पाबूजींनीच आणले असं ते मानतात. फड जीर्ण झाली की ती पुष्करच्या पाण्यात विसर्जित करतात. आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. तिचे कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तुमच्या शाळेच्या आवाक्यातली ती जागा आहे, मुलांना घेऊन जाच.

दंतकथेबद्दल थोडक्यात. लोककथेत ‘आटपाट नगर’ चालतं, दंतकथेला मात्र जागा लागते आणि ती गाळता येत नाही. लोणारच्या विवरात लवणासुर राहायचा आणि विष्णूने त्याला मारलं, ही कथा लोणारच्या दैत्यसूदन मंदिराशिवाय उभी राहत नाही. कोणार्कचंही तसंच. बाराशे कारागिरांना कळस बसवता येईना, बारा वर्षांच्या धर्मपदाने तो बसवला आणि कारागिरांवर राजाचा कोप होऊ नये म्हणून समुद्रात उडी घेतली. उल्का पडून लोणारचं विवर झालं, हेही मुलांना त्याच तासाला सांगा. दोन्ही ऐकून मुलं गोंधळत नाहीत.

आता क्रूर भाग. आसामची तेजीमला घ्या. बाप व्यापाराला परगावी गेलेला असताना सावत्र आई तिला ढेंकीत, म्हणजे पायाने चालवायच्या भात कांडायच्या उखळात, कांडून मारते. जिथे पुरते तिथे भोपळ्याचा वेल उगवतो. कोणी भोपळा तोडायला हात घातला की वेल गातो: हात लावू नका, सावत्र आईने रेशमी कपड्यापायी मला कांडलं, मी तेजीमला. आई वेल उपटून फेकते, तिथे लिंबाचं झाड येतं, तेही बोलतं. ते नदीत फेकलं की कमळ होतं. होडीतून परतणारा बाप तेच कमळ तोडायला जातो आणि त्याला मुलीचा आवाज ऐकू येतो. लक्ष्मीनाथ बेजबरुआंनी १९११ मध्ये ही कथा छापली, आणि आसामात ती ठाऊक नसलेलं माणूस मिळणं कठीण. यातली ढेंकी काढून ‘आईने तिला घराबाहेर काढलं’ असं केलेलं मी वाचलं आहे. मग वेल गातो कशाबद्दल? तिचं म्हणणं कोणीतरी ऐकावं म्हणून ती पुन्हा पुन्हा उगवते, हीच तर गोष्ट आहे. माझ्या अनुभवात आठ-नऊ वर्षांची मुलं हे शांतपणे ऐकतात, फक्त ढेंकीवर रेंगाळायचं नाही. एका वाक्यात सांगायचं आणि गाण्यावर यायचं. गाणं मात्र दर वेळी पूर्ण म्हणायचं.

मेघालयातल्या खासी लोकांची का लिकाई या बाईची कथा मी लहानांना सांगत नाही. दुसरा नवरा तिच्या लेकीला मारून शिजवतो, कामावरून दमून आलेली ती नकळत जेवते, मग पानसुपारीच्या टोपलीत तिला लेकीची बोटं सापडतात आणि ती कड्यावरून उडी घेते. सोहराजवळचा, म्हणजे चेरापुंजीजवळचा, ३४० मीटर उंचीचा नोहकालिकाई धबधबा तिच्या नावाचा आहे. ही गोष्ट सौम्य करायचा प्रयत्नही करू नका. मोठ्या मुलांसाठी पूर्ण ठेवा आणि लहानांना खासींचीच दुसरी द्या. त्यांच्याकडे लिपी का नव्हती याची फार सुंदर कथा आहे. देवाने खासी माणसाला आणि मैदानातल्या माणसाला लिपी दिली. परतताना पूर आलेली नदी लागली. मैदानातल्याने लिपी शेंडीला बांधली, खासीने दातांत धरली आणि गटांगळ्या खाताना गिळून टाकली. म्हणून त्यांचं सगळं ज्ञान पोटात आणि तोंडी. १८४१ मध्ये आलेल्या थॉमस जोन्स या वेल्श मिशनऱ्याने खासी भाषा रोमन लिपीत लिहायला घेतली, हे त्यानंतर सांगितलंत की मुलांना इतिहासही लक्षात राहतो. नियम एवढाच ठेवा: गोष्ट बदलायची नाही, वयाप्रमाणे गोष्ट निवडायची.

पुस्तकाबाहेरच्या गोष्टी मिळवायच्या तर ‘तुम्हाला लोककथा येतात का?’ असं कधीही विचारू नका. उत्तर ‘नाही’ येतं. ‘लहानपणी निजताना कोण काय सांगायचं?’ असं विचारा, नाहीतर आधी आपण एक अर्धवट सांगा. चिमणीचं घर मेणाचं म्हणेपर्यंत समोरची बाई ‘आमच्यात तसं नाही’ म्हणून सुरू होते. बायकांच्या गोष्टी ओसरीवर नाही मिळत, भाजी निवडताना, वाती वळताना मिळतात. जात्यावरच्या ओव्यांचं काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हॅं यांच्या गटाने एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या अशाच घराघरांत बसून. पुरुष देवाची आणि गावाची कथा सांगतात, तीही देवळाच्या पायरीवर जास्त खुलते. ऐकताना ‘हूं’ म्हणत राहा. राजस्थानात म्हणतातच, ‘फौज में नगारो, बात में हुंकारो.’ हुंकार थांबला की सांगणारा आटोपतं घेतो. फोनवर ध्वनिमुद्रण करा, पण आधी विचारून, आणि उतरवताना बोली सुधारू नका. ‘व्हता’ असेल तर ‘व्हता’च लिहा. नावासकट छापलं तर चालेल का हे विचारा, कोणाकडून ऐकली तेही विचारा. काही कथा पूजेच्या असतात आणि बाहेर सांगायच्या नसतात. तसं कोणी म्हटलं तर आग्रह करू नका आणि चोरून मुद्रणही करू नका. तयार झालेली प्रत पहिल्यांदा सांगणाऱ्याच्या घरी पोचली पाहिजे, तिथेच ती मोठ्याने वाचून दाखवा. दुरुस्त्या आणि कधीकधी नवी गोष्टही त्याच बैठकीत मिळते.

सुरुवात कुठून करायची, तर पहिल्या सत्रात एकच विषय धरा: वाघ. भोपळ्यातली म्हातारी मुलांना येतेच. तिला जोडून सुंदरबनची वनदेवी बोनबीबी सांगा. गरीब विधवेच्या दुखेला त्याचा नात्यातला धोना मधासाठी जंगलात नेतो आणि मध-मेणाच्या बदल्यात वाघरूपी दक्खिन रायला देऊन टाकतो. आईने सांगितल्याप्रमाणे पोरगा बोनबीबीला हाक मारतो, ती येते आणि तिचा भाऊ शाह जंगली दक्खिन रायला पिटाळतो. मधाला जाणारे हिंदू आणि मुसलमान दोघेही तिचं नाव घेतल्याशिवाय जंगलात पाऊल टाकत नाहीत. तिची पोथी बंगालीत आहे, पण पानं मात्र उर्दू पुस्तकासारखी उजवीकडून उलटायची. मग वारल्यांचा वाघोबा: लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला नैवेद्य. शेवटी ईशान्येतल्या नागा लोकांची कथा. माणूस, वाघ आणि भूत एकाच आईचे तीन मुलगे, त्यांच्यात पैज लागते, आईच्या मदतीने माणूस जिंकतो, त्याला गाव मिळतं आणि वाघाला रान. ही अंगामी आणि माओ समाजांत सांगतात, तेव्हा नोंदीत नुसतं ‘नागा’ लिहू नका, समाजाचं नाव लिहा. चारही गोष्टी झाल्या की मुलांना घरी जाऊन वाघाची पाचवी शोधून आणायला सांगा, आणि ती कोणी सांगितली तेही वहीत लिहून आणायला सांगा.